निर्माल्याचा वाटा

काल देवाला वाहिलेला हार आज सकाळी उतरवला की त्याचं निर्माल्य होतं. ते पायदळी येऊ नये, हा घरोघरचा दंडक. केरात टाकायला हात धजावत नाही, म्हणून पिशवीत भरून, गाठ मारून ते नदीत सोडलं जातं. फुलं कुजतात, त्यांच्यावरची कीटकनाशकं पाण्यात उतरतात आणि प्लास्टिक काठाला अडकून राहतं. जिला आई म्हणायचं, तिच्याच पोटात हे सगळं जातं.

मग देवाचं झालेलं फूल माणसाने पुन्हा विकावं का?

कानपूरच्या ‘फूल’ या कंपनीने या प्रश्नावर अख्खा धंदा उभा केला आहे. मंदिरांतून गोळा केलेल्या फुलांतून दोरे, कागद, प्लास्टिक वेगळं काढलं जातं. कीटकनाशकांचा अंश घालवून पाकळ्या वाळवतात, दळतात आणि त्या भुकटीच्या अगरबत्त्या हातांनी वळतात. 2022 साली या धंद्यात 80 लाख डॉलरची गुंतवणूक आली. ज्याला कोणी हात लावत नव्हतं, त्याला भांडवल मिळालं. यात देवाचा अपमान शोधू नये. फूल धूप होऊन पुन्हा देवापुढेच जातं. पायदळी न येण्याचा दंडक नदीत कुजण्यापेक्षा इथे जास्त पाळला जातो.

पण धर्माचा खरा प्रश्न फुलापाशी संपत नाही. वस्तू शुद्ध होते. ती उचलणाऱ्या माणसाचं काय?

मैल्यापासून केलेल्या खताला मराठीने कधीच ‘सोनखत’ म्हणून टाकलं आहे. शेतकऱ्याला त्याचं मोल पक्कं ठाऊक होतं. तरीही सोनं शेतात आणि विटाळ वाहणाऱ्याच्या अंगावर, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. सवर्णाला ते काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांनी आपलं अन्न कमी केलं. डिसेंबर 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभलं. पुढे कोकणात अप्पासाहेब मैल्याचं खत होईल असे साधे संडास बांधण्याच्या मागे लागले. खत हवं, पण त्यापायी कुणाच्या डोक्यावर पाटी नको, हा त्यांचा आग्रह. कचऱ्यातून संपत्ती काढण्याची इतकी नेकीची कल्पना क्वचितच कुणी मांडली असेल.

आज कचऱ्यात पैसा दिसू लागला आहे, तेव्हा हा आग्रह पुन्हा धरायला हवा. पैसा लावणाऱ्याचा वाटा करारात लिहिलेला असतो. वेचणारीचा वाटाही तसाच लिहिलेला असावा. तो दानधर्माच्या खात्यात टाकून चालणार नाही.

पुण्यात याची एक वाट दिसते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा नेण्याचं शुल्क या वेचकांना मिळतं, भंगार विकून आलेला पैसाही त्यांचाच. गणपती विसर्जनाला या बाया घाटावर उभ्या असतात. भाविकाच्या हातची पिशवी घेतात, गाठ सोडतात. दूर्वा आणि झेंडू एकीकडे पडतात, हाराचा दोरा आणि कापराची रिकामी पुडी दुसरीकडे. फुलं खताला जातात आणि तेवढी पिशवी मुठा नदीत पडायची वाचते.