ओठांवरची अहिंसा

आम्ही सांगलीचे दिगंबर जैन. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांतच येतो. मग मधमाशीच्या मेणाचा लिपग्लॉस चालेल का? शिवाय लाल छटांच्या वेष्टनावर कधी ‘सीआय 75470’ दिसतं. ते कार्माइन, निवडुंगावर जगणारे कोचिनील किडे वाळवून काढलेला रंग. आयशॅडोची मोत्यासारखी झळाळीही कधी माशांच्या खवल्यांतली असते. हिंसा दोन्हीकडे आहे, पण ओठांवरचं घासागणिक पोटात जातं, म्हणून तिथे मी जास्त कडक.

कँडेलिला मेण, एरंडेल आणि आयर्न ऑक्साइडची विटकरी छटा असलेला ग्लॉस मी निवडते. ओठ चमकणार असले की डोळ्यांना चमक नको. पापणीवर मॅट तपकिरी आयशॅडो आणि काजळाची बारीक रेघ पुरते.

सासूबाई विचारतात, ‘कुंभोजच्या बाहुबलींपुढे हात जोडायचे आणि नटायचंही?’ वस्त्रसुद्धा सोडलेल्या त्या मूर्तीपुढे हा प्रश्न बोचतो, बोचायलाच हवा. पण महाव्रत मुनींचं. आम्हा गृहस्थांचं अणुव्रत. परिग्रहाची मर्यादा ज्याची त्याने आखायची. माझी मर्यादा एक ग्लॉस, एक आयशॅडो, एक काजळ. संपेपर्यंत दुसरं घेत नाही आणि दशलक्षण पर्वात यातलं काहीच लावत नाही.