म्हातारपणीचे देणे

निपाणी-बेळगावकडच्या आपल्या घरांतून सत्तरी ओलांडलेल्या बाईला एक वाक्य वरचेवर ऐकावे लागते : "आता तुम्ही काही करू नका, स्वस्थ बसा." वाक्य प्रेमाचे आहे. मुलगे म्हणतात, सुना म्हणतात, घरभेटीला आलेले पाळकसाहेबही म्हणतात. जिला ते सांगितले जाते तीही बहुधा "बरं बाबा" म्हणून भिंतीला टेकते. या वाक्यात काही खोट असेल असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटले नाही. आज वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

आमची आई विड्या वळीत असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. हजार विड्यांवर मजुरी मिळे, आणि त्यातच मीठमिरची व आमच्या वह्या. शनिवारी रात्री ती एक नाणे पदराच्या गाठीला बांधून ठेवी. रविवारी उपासनेत अर्पणाची थाळी आली की ती गाठ सुटता सुटत नसे. थाळी धरणारा भाऊ खोळंबे आणि आम्हां मुलांना लाज वाटे. पुढे तिची नजर अधू झाली, बोटे आखडली. आम्ही मिळवते झालो होतो. आम्ही म्हटले, "आई, पुरे झाले आता. तुझे अर्पण आम्ही घालू." आणि खरोखरच घालू लागलो, तिच्या नाण्याच्या कितीतरी पट. थाळी तिच्यापुढे येई, ती दोन्ही हातांनी धरी आणि शेजारणीकडे देई. तिने तक्रार केली नाही. तिच्या गप्प बसण्याला आम्ही समाधान असे नाव दिले.

आई गेल्याला बराच काळ लोटला. तिची ही आठवण आम्हांस एका वर्तमानपत्री बातमीने पुन्हा करून दिली. कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेत, शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे त्या बाईच्या खात्यावर दरमहा २,००० रुपये भरण्यास आरंभ केला. नाव सासूचे की सुनेचे, यावरून त्या दिवसांत आपल्या भागात काय काय बोलणी झाली ती वाचकांना ठाऊक आहेत! (सीमेपलीकडे कागलच्या बाजूला २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, १,५०० रुपयांची. तिला मात्र वयाची मर्यादा घातली ६५ वर्षांची. त्यापुढे बहीण लाडकी राहत नाही की काय, हे सरकारच जाणे.) तर २०२४ च्या ऑगस्टात आपल्याच जिल्ह्यातील, रायबाग तालुक्यातील एका म्हाताऱ्या बाईची हकिकत छापून आली. तिने गृहलक्ष्मीचे साठलेले पैसे काढले आणि गावाला होळिगेचे, म्हणजे पुरणपोळीचे, जेवण घातले.

ती बाई आपल्या मंडळीतील नव्हे, तिचा देवधर्म निराळा. पण बातमी वाचून आमच्या बैठकीत जे बोलणे झाले ते अगदी आपले होते. एकजण म्हणाले, "एवढ्या पैशांत वर्षाची औषधे आली असती." दुसरे म्हणाले, "पुरणपोळीने काय साधले?" आम्हीही मान हलवली, आणि मग आमच्या ध्यानात आले की हे शब्द आपण पूर्वी कोठेतरी ऐकले आहेत. बेथानीच्या घरात ती स्त्री सुगंधी तेलाची कुपी फोडते तेव्हा जेवायला बसलेली शहाणी माणसे हेच बोलतात : केवढी ही नासाडी, हे विकून गरिबांना देता आले असते. हिशेब त्यांचा चूक नव्हता. तरी प्रभूने तिची बाजू घेतली.

मंदिराच्या भांडारासमोरची विधवा तर आपण रविवारच्या शाळेत दरसाल शिकवतो. तिच्याजवळ दोन टोल्या होत्या, त्या तिने टाकल्या. आम्ही हा पाठ कित्येकदा शिकवला असेल, पण एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. प्रभू समोर बसून पाहत होता. त्याला तिची गरिबी ठाऊक होती. त्याने शिष्यांना बोलावून तिला दाखवले, पण उठून तिच्या टोल्या तिच्या हातात परत दिल्या नाहीत, "बाई, राहू दे, तुझ्या वतीने आम्ही घालतो" असे म्हटले नाही. आम्ही म्हटले होते.

म्हातारपणी बाईला सुख कशात, हा प्रश्न विचारला की दोन उत्तरे मिळतात. एक, मुलांनी नीट सांभाळावे. दुसरे, होईल तेवढे काम करीत राहावे, म्हणजे कोणाला जड होत नाही. पहिल्यात ती घेणारी, दुसऱ्यात राबणारी. आम्हांस वाटते, दोन्ही उत्तरांत तिची स्वतःची इच्छा कोठेच नाही. दोन वेळचे जेवण, स्वच्छ अंथरूण, वेळेवर गोळी, हे सर्व मिळूनही माणूस आतून रिकामा राहू शकतो, जर त्याच्यापाशी आपखुशीने दुसऱ्याला द्यावे असे काही उरू दिले नसेल. बाईच्या बाबतीत हे जास्त घडते. पुरुषाची थैली त्याच्या कमरेला अखेरपर्यंत राहते. बाईच्या किल्ल्या सून आली की जातात, आणि पासबुक मुलगा "सांभाळून" ठेवतो.

देणे म्हणजे पैसाच असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्या पन्नाशीला पोचल्या होत्या. शाळेचे शिक्षण नाही, पदरी संपत्ती नाही. त्यांनी काय दिले? आपली हकिकत दिली. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय पासष्टीपलीकडचे. त्यांनी त्यात टिळकांना संत करून ठेवले नाही की स्वतःला सोशिक साध्वी. सोवळेओवळे, सासरचा जाच, टिळकांचा राग, स्वतःची फजिती, सारे हसत हसत सांगितले. आपल्या मंडळीत अशा सांगणाऱ्या किती म्हाताऱ्या बसल्या आहेत! विडीच्या धंद्यात दिवस कसे काढले, प्लेगच्या साथीविषयी सासूने काय सांगितले, बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीने पाणी कसे बंद केले, हे त्यांना माहीत आहे. आपण त्यांना प्रीतिभोजनाच्या दिवशी लसूण सोलायला बसवतो. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी एखाद्या आज्जीला वर्गासमोर अर्धा तास बोलू द्यावे. ती विषय सोडून जाईल, जाऊ द्यावी.

येथे एक धोकाही सांगून ठेवला पाहिजे. "आता सरकार देते ना, मग आम्ही कशाला?" असे म्हणणारे मुलगे आम्हांस भेटले आहेत. आईबापांच्या वाटणीचे ते 'कुर्बान' म्हणून मोकळे होणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. औषधपाणी व जेवणखाण हे लेकरांचे देणे आहे, ते तिच्या २,००० रुपयांतून वळते करता येत नाही. पैसे तिच्या हाती ठेवले तर कोणी गोड बोलून ते काढून घेईल, ही भीतीही खोटी नाही. पण त्यासाठी जवळ बसून हिशेब समजावून सांगावा लागतो, पासबुक काढून घेणे त्याहून सोपे पडते एवढेच.

परवा स्त्रियांच्या प्रार्थनासभेत एक ऐंशीच्या घरातल्या आक्का उभ्या राहिल्या. पुढच्या गुरुवारचा चहा आपल्याकडून, असे त्या म्हणाल्या. सून शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "अत्ती, कशाला आता तुम्ही, मी बघतो की." आक्का तिच्याकडे न पाहताच बोलल्या, "मी इचारत न्हाई बाई, सांगाय लागलोय."

गुरुवारी चहा झाला. बरोबर बेळगावचा कुंदाही होता, आणि वाटताना आक्कांनी चमचा कोणाच्या हाती दिला नाही.