मागे घेतलेला दावा

बँकेतून निवृत्त झालेले एक परिचित परवा बोलता बोलता म्हणाले, "आपण एन्रॉनला दिलेला शब्द फिरवला आणि तिथून महाराष्ट्राची पत गेली." एखादा मोठा प्रकल्प शेजारच्या राज्यात गेल्याची बातमी आली की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतंच. मला ते दर वेळी बोचतं. या वेळी मात्र ते नुसतं बोचून थांबलं नाही. शब्द कुणी, कुणाला, कधी दिला होता, हे नीट मांडून पाहावं असं वाटलं.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाची कहाणी पहिल्यापासून सांगत बसण्याची गरज नाही. जून 1992 मधला सामंजस्य करार, शरद पवार मुख्यमंत्री असताना 8 डिसेंबर 1993 रोजी राज्य वीज मंडळाने सही केलेला खरेदी करार, गोपीनाथ मुंडे यांची एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा, शिवसेना-भाजप युतीची सत्ता, 3 ऑगस्ट 1995 ला जाहीर झालेला करार रद्द करण्याचा निर्णय, जानेवारी 1996 मधलं पुनरुज्जीवन आणि मे 2001 मध्ये बंद पडलेला प्रकल्प. हा क्रम बहुतेकांना पाठ आहे. पण या क्रमात एक फरक लपून राहतो आणि माझ्या मते सगळं त्या फरकावर उभं आहे.

करार नाकारण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक तऱ्हा म्हणजे 'हा करार मला परवडत नाही.' दुसरी म्हणजे 'हा करार मुळातच खोटेपणाने झाला, त्यामुळे तो मला बांधत नाही.' पहिल्या तऱ्हेत घासाघीस होऊ शकते: दर थोडा खाली आणा, मुदत वाढवा, चालेल. दुसऱ्या तऱ्हेत घासाघिशीला जागाच नसते. फसवणूक झाली असेल तर ती दहा टक्के सूट दिल्याने नाहीशी होत नाही. माझ्या परिचितांनी या दोन्ही तऱ्हा 'शब्द फिरवला' या एकाच पोत्यात भरल्या होत्या.

परवडण्याचा प्रश्न खराच होता, आणि तो एन्रॉनच्या विरोधकांनी कुठून शोधून काढलेला नव्हता. खुद्द जागतिक बँकेने 1993 मध्ये या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. करार समजायला खानावळीचं उदाहरण पुरेसं आहे. महिन्याचे पैसे भरायचे, जेवा की नका जेवू, पण या खानावळीत खाडे धरले जात नव्हते. वीजकेंद्र वीज द्यायला सज्ज असलं की मंडळाने वीज घेवो न घेवो, स्थिर आकार द्यायचा, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला तर बोजा मंडळावर, इंधन महागलं तरी मंडळावर. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतल्या अभ्यासकांनी 1995 मध्येच ही आकडेमोड करून दाखवली होती. एवढा मोठा स्थिर आकार भरायचा तर मंडळाला स्वतःची स्वस्त कोळशाची वीज मागे ठेवून ही महाग वीज घ्यावी लागेल, हे त्यातून उघड दिसत होतं. मागणी एवढी आहे का आणि या दराने वीज घेणं शहाणपणाचं आहे का, हे दोन प्रश्न करार होण्यापूर्वी कुणी उघडपणे चर्चेला घेतले नाहीत. करार तर बराच काळ लोकांना वाचायलाही मिळाला नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ती जागा डोळ्यांसमोर आल्याशिवाय मला हा विषय कधी पुरता कळला नाही. प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण तो दाभोळला नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. बहमनी आणि आदिलशाही काळातलं नांदतं बंदर. खाडीकाठी उभी असलेली जुनी मशीद आजही त्या वैभवाची साक्ष देते. प्रकल्प उभा राहिला तो समोरच्या तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर आणि रानवीच्या परिसरात, गोपाळगडाच्या शेजारी. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांची मासेमारी धोक्यात आली, त्या गावांची नावं कंपनीच्या नावात नाहीत आणि पुढे कंपनी लंडनमध्ये ज्या लवादाकडे गेली, त्याच्यापुढे तर नाहीतच. माझे परिचित ज्या 'आपण'बद्दल बोलत होते, त्यात वेलदूरचे कोळी होते का? मला ते धरावेसे वाटतात. धरले, की शब्द कुणी कुणाला दिला याचा हिशेब बदलतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 1995 मध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द केला तो केवळ 'परवडत नाही' म्हणून नव्हे. कंपनीने लंडनमध्ये लवादाची प्रक्रिया सुरू केल्यावर सप्टेंबरमध्ये राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि हा करार फसवणूक आणि चुकीच्या माहितीवर उभा असल्याने तो रद्द ठरवावा, असा दावा दाखल केला. म्हणजे दुसऱ्या तऱ्हेचा नकार, आणि तोही निवडणुकीच्या सभेतला नव्हे, कोर्टात लिहून दिलेला. आणि दोनच महिन्यांत कंपनीच्या रेबेका मार्क यांच्याशी वाटाघाटी सुरू झाल्या. जानेवारी 1996 मध्ये सुधारित प्रकल्प मान्य झाला आणि पुढे दावा मागे घेण्यात आला. मूळ करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता. फेरवाटाघाटीनंतर तोही बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता 2,015 मेगावॅटवरून 2,184 मेगावॅटवर गेली. जो करार फसवणुकीचा म्हणून नाकारला, तोच मोठा करून स्वीकारला. केंद्रात तेरा दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने मे 1996 मध्ये आपल्या शेवटच्या दिवसांत, राज्याने पैसे थकवले तर केंद्र सरकार ते भरेल, अशा प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी सीटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांची कराराविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, पण फेटाळतानाही भ्रष्टाचाराचे आरोप करून ते सोयीने विसरणाऱ्या सरकारवर ताशेरे ओढले.

1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 19 सांगतं की फसवणुकीने मिळवलेल्या संमतीवर झालेला करार, फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द करता येतो. पण त्याची इच्छा असेल तर तो करार पुरा करून घेण्याचा आग्रहही त्याला धरता येतो. निवड एकदाच करायची असते. सगळं माहीत असताना तुम्ही करार पुन्हा उचलून धरला, की 'मला फसवलं होतं' हे म्हणण्याचा हक्क संपतो. महाराष्ट्राने 1996 मध्ये नेमका तो हक्क सोडून दिला, आणि त्याच्या मोबदल्यात कागदावरची थोडी दरकपात मिळवली.

याची किंमत 2001 मध्ये कळली. मे 1999 पासून नाफ्थ्यावर चालणाऱ्या पहिल्या टप्प्याची वीज इतकी महागली की एका टप्प्यावर युनिटचा दर 7 रुपयांच्या वर गेला. विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. मंडळाची बिलं थकली, कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला घेतली. त्या वेळी मंडळाच्या हातात कोणतं शस्त्र होतं? वीजकेंद्राने ठरल्या वेळात पूर्ण क्षमतेने वीज दिली नाही म्हणून लावलेला 401 कोटींचा दंड. म्हणजे करारातल्याच एका कलमाचा आधार घेऊन कराराशी भांडण. मूळ आक्षेप मांडण्याचा दरवाजा राज्याने पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावून घेतला होता. प्रकल्पाच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधव गोडबोले समितीने कारभाराच्या जवळजवळ प्रत्येक पातळीवर झालेलं अपयश नोंदवलं. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढे भारतीय बँकांचा अडकलेला पैसा, 2005 मध्ये जीई आणि बेक्टेल यांच्याशी तडजोड, आणि एनटीपीसी व गेल यांनी उभी केलेली रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी. शेवटी भार पुन्हा सार्वजनिक तिजोरीवर.

हे लिहायला बसलो तेव्हा मला माझ्या परिचितांचं म्हणणं खोडून काढायचं होतं. दांडगी कंपनी आणि दुबळं मंडळ यांच्यातला गुप्त करार मोडण्यात कसला आला शब्दभंग, असं मला ठासून सांगायचं होतं. पण 1995 च्या दाव्यापाशी आलो आणि माझी बाजू सरकली. त्यांचं म्हणणं मला आता मान्य आहे, फक्त त्यांना अभिप्रेत नसलेल्या जागी. सरकारने शब्द फिरवला हे खरं आहे. पण तो 1995 मध्ये करार रद्द करताना नव्हे, 1996 मध्ये दावा मागे घेताना. सरकार न्यायालयात 'फसवणूक झाली' असं लिहून देतं तेव्हा ते आपल्या नागरिकांना शब्द देत असतं. तो आरोप खरा असेल तर तडजोड करणं हा लोकांचा विश्वासघात होता. तो खोटा असेल तर करार रद्द करणं हा कंपनीवर अन्याय होता आणि न्यायालयाची दिशाभूलही. तिसरी शक्यता मला शोधूनही सापडत नाही. कराराचं पावित्र्य ही गुंतवणूकदारांची मागणी आहे, असं मी इतके दिवस समजत होतो. ती खरी तर वेलदूरच्या माणसाची मागणी आहे. कारण 1997 मध्ये सरकारचा स्वतःचाच जुना आरोप गावकरी रस्त्यावर मांडत होते, तेव्हा तेच सरकार जमावबंदी लावत होतं. त्या वर्षी 3 जूनच्या पहाटे वेलदूरमध्ये पोलीस घरांत शिरले. बायकांना ओढून नेण्यात आलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात ते सगळं नोंदलेलं आहे.

यातून पुढची गोष्टही मला मान्य करावी लागते. सरकारने दिलेला शब्द इतका पक्का असावा असं म्हणायचं, तर तो देण्यापूर्वीचा रस्ताही तितकाच अवघड असायला हवा. राज्यात वीज नियामक आयोग आला तो 1999 मध्ये, दाभोळचा करार होऊन गेल्यानंतर. त्याच्या जनसुनावणीत आज कुणीही ग्राहक उभा राहून दरवाढीवर हरकत घेऊ शकतो. अशी सुनावणी 1993 मध्ये झाली असती, तर जागतिक बँकेची शंका, 'प्रयास'सारखी आकडेमोड आणि कोळ्यांची तक्रार सहीच्या आधी टेबलावर आली असती, आणि मग झालेला करार पाळा असं मीही जोरात म्हणालो असतो. वीज सोडून इतर अनेक क्षेत्रांतल्या करारांत, विशेषतः सवलतींच्या करारांत, अशी सुनावणी नाही. ती मागायला हवी.

फसवणुकीचा तो आरोप खरा होता की खोटा, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयात झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने उरलेलं प्रकरणही एवढा काळ लोटल्याच्या कारणाने 2019 मध्ये बंद केलं. तो दावा आणि तो मागे घेण्याची कारणं राज्य सरकारने एकत्र छापून प्रसिद्ध करावीत. एन्रॉन संपली आहे, तडजोडी होऊन गेल्या आहेत, कुणाच्या व्यापारी गुपिताला आता धक्का लागणार नाही. ते कागद सर्वांत आधी अंजनवेल आणि वेलदूरच्या ग्रामपंचायतींना पाठवावेत.