एक्केचाळीस किलोमीटरवरची हवा

‘परग्रहावर जीवसृष्टीचे संकेत’ अशी बातमी अधूनमधून सकाळच्या पेपरात येते. चहा संपेपर्यंत आपण हरखून जातो, मग पान उलटतं. 2025 च्या एप्रिलमध्ये अशीच एक आली होती. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्या होत्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं की खात्री तीन सिग्माची आहे. शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात. मथळ्यात मात्र सिग्मा मावत नाही. पुढे इतरांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासून शंका काढल्या, पण त्यांना पहिलं पान कुठलं मिळायला!

अशा वेळी मला हैदराबादचा तो बलून आठवतो.

20 एप्रिल 2005 रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून इस्रोने एक अवाढव्य फुगा सोडला. त्याच्याखाली 459 किलोंचा डोलारा होता आणि त्यात स्टेनलेस स्टीलच्या सोळा नळ्या. नळ्या निर्जंतुक केलेल्या, आतली हवा पूर्ण उपसलेली आणि बाहेरून द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. हा द्रव उणे 246 अंशांइतका थंड. वर गेल्यावर नळीचं तोंड उघडलं की आत शिरलेली हवा गारठून जागच्या जागी गोठते, पोकळी राहते आणि मागची हवा आपसूक आत ओढली जाते. पंपाची गरजच नाही. एक्केचाळीस किलोमीटरवर हवा जमिनीवरच्या तीनशेव्या हिश्शाहूनही विरळ असते, त्यामुळे अशी युक्ती करावीच लागते. वीसपासून एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतची हवा गोळा झाली आणि नळ्या पॅराशूटने खाली उतरल्या.

खरी कसोटी त्यानंतर होती. नळीत जंतू सापडला तर तो वरचाच कशावरून? एखाद्या तंत्रज्ञाच्या बोटावरचा कशावरून नाही? म्हणून नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याचं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या दोन प्रयोगशाळांकडे स्वतंत्रपणे गेले. तिकडे एस. शिवाजी, इकडे योगेश शौचे. दोन्हीकडे कार्यपद्धती सारखी ठेवलेली. प्रयोगाचे मुख्य संशोधक होते जयंत नारळीकर. निष्कर्ष जाहीर व्हायला 2009 चा मार्च उजाडला. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या होत्या. बऱ्याचशा पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी जुळणाऱ्या. तीन जीवाणू मात्र विज्ञानाला नवे, आणि तिघेही आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसणारे.

आता नारळीकर कोणाचे विद्यार्थी होते ते आठवा. फ्रेड हॉइल यांचे. जीवसृष्टी पृथ्वीवर उगम पावली नसून धूमकेतूंबरोबर बाहेरून आली, असं हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे हिरिरीने मांडत. हॉइल 2001 मध्ये गेले. नव्या जीवाणूंपैकी एकाला त्यांचं नाव दिलं गेलं: जॅनिबॅक्टर हॉइली. दुसऱ्याला इस्रोचं, तिसऱ्याला आर्यभटाचं. गुरूंचं म्हणणं खरं ठरवण्याचा याहून सुंदर मुहूर्त कुठला असता? आणि तरीही जाहीर केलेल्या निवेदनात एक रोखठोक वाक्य होतं. या अभ्यासातून सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरचे आहेत हे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र शोध पुढे चालू ठेवायला हुरूप येतो. बस्स, एवढंच.

मला हे वाक्य त्या तीन जंतूंपेक्षा मोठं वाटतं. नारळीकर स्वभावाने बंडखोर. महास्फोटाच्या सिद्धांताविरुद्ध ते आयुष्यभर उभे राहिले, बहुमताची त्यांना कधी भीड नव्हती. पण बहुमत न मानणं वेगळं आणि पुरावा न मानणं वेगळं. त्याच सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाचीही चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या, 27 ज्योतिषी; कुंडली कोणत्या मुलाची ते ओळखायचं. उत्तरं बरोबर आली 46 टक्के. नाणेफेक बरी! दुसऱ्याच्या श्रद्धेला लावलेला गज स्वतःच्या आवडत्या कल्पनेलाही लावणारी माणसं थोडी असतात.

लोकांशी बोलतानाही त्यांचा हाच बाणा. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. विचार करा, सही फुकट नव्हती. तिची किंमत एक प्रश्न होती. शाळकरी मुलाला रात्रभर डोकं खाजवून प्रश्न शोधावा लागे, आणि तो पोस्टकार्डात बसेल इतका नेमका करावा लागे. सोपं नाही ते, आजच्या आपल्या कितीतरी पीएचड्यांनाही जमायचं नाही. त्यांच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू झाली तीही याच वळणाची. विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं म्हणजे चकचकीत चित्रं दाखवायची आणि ‘अद्भुत’ म्हणायचं, एवढाच अर्थ सध्या उरला आहे. ‘अजून ठरलेलं नाही’ हे शुद्ध मराठीत, न लाजता सांगता येणं हाही त्याच कामाचा भाग, आणि माझ्या मते अवघड भाग.

कारण हे जंतू आले कुठून, हा प्रश्न खरोखरच सुटलेला नाही. जंतू खालून वर गेले म्हणावं, तर उष्ण कटिबंधात वादळी ढगांची धाव साधारण सतरा-अठरा किलोमीटरच्या आसपास संपते. त्यावर चढायला त्यांना ज्वालामुखीचा धक्का लागला की आणखी कशाचा? वरून आले म्हणावं, तर पृथ्वीवरच्या जंतूंशी त्यांचं इतकं जवळचं नातं कसं? त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा वेगळं निघालं तर काही बोलता येईल. पण प्रयोगशाळेत वाढवलेला जंतू इथलंच अन्न खाऊन इथलाच होतो. आकाशातून थेट आणलेल्या पेशीच मोजायला हव्यात, आणि विरळ हवेत त्या मूठभरही हाती लागत नाहीत.

आर्यभटाच्या नावाच्या जीवाणूची गोष्ट तर पुढे आणखी रंगली. त्याचे भाईबंद ठिकठिकाणच्या मातीत सापडू लागले. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीन आणि गव्हाच्या मुळांपाशी तो अडकलेलं जस्त मोकळं करून पिकाला मिळवून देतो, असं कृषिशास्त्रज्ञांना आढळलं. 2020 मध्ये वर्गीकरणवाल्यांनी त्याचा वंशही बदलला. ‘बॅसिलस’ जाऊन ‘प्रिस्टिया’ आलं, आर्यभट तेवढा नावात टिकला.