जुन्या रेडिओतील नवा कंडेन्सर

जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण इमान कशाशी राखायचे, तिच्या रूपाशी की तिच्या कामाशी? प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. पण खारेपाटणसारख्या गावी, जेथे पावसाळ्यात भिंतीही ओल धरतात, तेथे व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून बसले की उत्तर टाळता येत नाही.

अशा रेडिओत पुष्कळदा व्हॉल्व्ह शाबूत असतात. आधी दगा देतात ते कागदी कंडेन्सर. कागद ओल पितो आणि जो विद्युत्‌दाब अडवून धरायचा, त्यालाच हळूच वाट देऊ लागतो. तो शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर झिरपला की प्रवाह बेसुमार वाहतो, व्हॉल्व्ह तापतो, पुढे ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. आणि एवढे होत असताना रेडिओ काही काळ बोलतच असतो! म्हणून ‘वाजतो आहे ना, मग हात कशाला लावा?’ हा युक्तिवाद आदराचा दिसला, तरी खरा आळसाचाच.

जाणता कारागीर जुन्या कंडेन्सरच्या नळीतला कागद काढतो, आत पॉलिएस्टरचा इवलासा नवा कंडेन्सर बसवतो आणि तोंड मेणाने बंद करतो. बाहेरून सारे जुनेच. ही फसवणूक काय?

खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा. त्यातले पुसट अक्षर कोणी नव्याने कोरले, तर त्या लेखाची किंमत जाईल. कारण ताम्रपट हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नयेत. रेडिओ मुळात निरोप्या. त्याचा घसा साफ करणे हे पाप नव्हे. मात्र वय झाले की निरोप्याही आपल्या काळाचा साक्षीदार होतो. तेव्हा बोलण्याच्या आड येईल तेवढेच बदलावे, बाकीचे राहू द्यावे.

दोष त्या नळीत नाही; तो मौनात आहे. ‘सगळे अस्सल’ म्हणून तो रेडिओ विकला, की कसब लबाडी होते. उलट काय बदलले, केव्हा बदलले याची चिठ्ठी खोक्यात चिकटवली, की तीच नळी निर्दोष ठरते. आणि ही चिठ्ठी केवळ गिऱ्हाइकासाठी नव्हे. काही जुन्या संचांत धातूचा सांगाडाच विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. तेथला अबोल फेरफार पुढच्या कारागिराच्या जिवावर बेतू शकतो. त्याला आपण कदाचित कधीच भेटणार नाही. त्याच्याशीही खरे बोलावे, एवढेच दुरुस्तीचे नीतिशास्त्र.