अर्धी खतं

वैराग्य बापाचं, पण उपास कोणाचा? देहूच्या तुकोबांच्या घरात हा प्रश्न रोजचाच. थोरला भाऊ सावजी बायको गेल्यावर घर सोडून गेला. धाकटा कान्होबा घरातच. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू दगावले. संसार पुढे रेटला तो दुसऱ्या पत्नीने, जिजाबाईंनी. महादेव, विठोबा हे मुलगे, मुली, आणि दिवाळं निघालेलं दुकान.

परंपरा सांगते, तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. सगळी नव्हे! अर्धी कान्होबाच्या हवाली केली. भावाच्या वाट्याचा त्याग आपण करायचा नाही, एवढा हिशेब या वाण्याने चोख ठेवला.

मग मुलांच्या वाट्याचं काय? झालेली असोत वा पुढे होणारी, त्यांना विचारणार कोण? जिजाबाईंना कजाग म्हणून आपण मोकळे होतो. (कीर्तनकारांना तर हशा हमखास मिळतो.) खरं तर त्या घरात मुलांच्या वकील त्या एकट्याच होत्या, आणि तरीही भंडारा डोंगरावर नवऱ्याची भाकरी त्याच पोचवत.

धाकटा नारायण वडिलांच्या पश्चात जन्मला. तुकोबांच्या पादुका पालखीत घालून देहूहून पंढरीला नेण्याची प्रथा 1685मध्ये याच मुलाने सुरू केली, असं मानतात.