जीर्णोद्धार आणि आसक्ती

जीर्णोद्धार हा शब्द आपणा वारकऱ्यांना नवा नाही. गावोगाव देवळाचा जीर्णोद्धार निघतो, वर्गणीच्या पावत्या फाटतात, कलशारोहणाला सप्ताह बसतो. परंतु ह्या शब्दाचा अर्थ आपण बहुधा अर्धाच घेतो. जीर्ण म्हणजे जे झिजले ते. उद्धार म्हणजे वर काढणे. बुडत्याला वर काढतात तसे. तेव्हा जुने पाडून त्या जागी नवे उभे करणे हा जीर्णोद्धार नव्हे. जे आहे तेच वर काढणे हा जीर्णोद्धार. पंढरपुरास २०२४ साली श्रीविठ्ठलमंदिराचे काम चालले तेव्हा १५ मार्चपासून पदस्पर्शदर्शन बंद होते, ते २ जूनला पुन्हा सुरू झाले. त्या अवधीत गाभाऱ्यातली चांदी उतरविली, मागाहून बसविलेल्या संगमरवरी व ग्रॅनाइटच्या फरशा उचलल्या, आणि खालचा मूळचा काळा दगड उघडा झाला. तेथे लावणे थोडे नि काढणेच फार होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना जीर्णोद्धार म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल, देवळाचे ठीक आहे बुवा. पण हाच शब्द मोटारगाडीला लावता येईल काय? प्रश्न थट्टेचा वाटतो, परंतु आमच्या वडनेरात तो खरोखरच उभा राहिला आहे. वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. रस्त्यावरून रात्रंदिवस नव्या गाड्या धावतात, आणि रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एका रिकाम्या गोठ्यात एक गृहस्थ आज चार वर्षे एक जुनी गाडी दुरुस्त करीत आहे. दिवसा नोकरी, रात्री जेवण झाल्यावर दोन तास, आणि रविवार आखा. गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली.

गाडीची थोडी माहिती देणे अवश्य आहे. ती फियाटची पालिओ, १.६ जी.टी.एक्स. २००१ साली पालिओ आपल्याकडे आली; तिची जोडणी मुंबईत कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात होई, जेथे पूर्वी प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिचा हा कारखाना. पालिओच्या ह्या प्रकारात १५९६ घनसेंटिमीटरचे, सोळा झडपांचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन. त्या काळी एवढ्याशा गाडीत एवढा जोर म्हणजे नवल होते. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करी. जोर भरपूर, पण पेट्रोलही भरपूर पिई, म्हणून सामान्य संसाऱ्याने तिला फारसे जवळ केले नाही. पुढे ती बंद झाली, आणि २०१९ नंतर फियाटच्या नव्या गाड्या येथे विकणेही थांबले. आता तिचा एखादा भाग हवा असेल तर भंगारबाजार धुंडाळावा लागतो.

बरे, कायद्याचा मान तरी तिला आहे काय? तोही नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळा क्रमांक मिळतो. पालिओला अजून पाव शतक थांबावे लागेल. उलट पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी दहा हजार रुपये पडतात. म्हणजे ही गाडी वृद्ध म्हणून पूज्य नाही आणि तरुण म्हणून उपयोगीही नाही. अशा वस्तूची जो सेवा करतो त्याला लोक वेडा म्हणतात.

एके एकादशीला कीर्तन उरकल्यावर तो मजजवळ बसला आणि म्हणाला, “महाराज, लोक म्हणतेत मले गाडीचा नाद लागला. हे पाप हाय का?” उत्तर चटकन देता आले असते. परंतु पाठशाळेत आम्हांला एक वळण लावले होते, ते असे की आधी पूर्वपक्ष जोरात मांडावा. तो दुबळा मांडून जिंकणे हे शास्त्र नव्हे.

तर पूर्वपक्ष असा. देह नाशवंत, लोखंड त्याहून निराळे नाही, त्याला गंज आहे. जे गंजणारच त्याच्यापायी मनुष्यजन्माचे रविवार खर्ची घालणे म्हणजे हिरा देऊन कोळसा घेणे. शिवाय पैसा जातो. शिवाय ती गाडी वेगाची; वेगाबरोबर मद येतो. आणि वडिलांची आठवण म्हणाल, तर आठवण मनात असते, पत्र्यात नसते.

ह्यातला शेवटचा मुद्दा सर्वांत बळकट, म्हणून तो आधी घेऊ. त्या गृहस्थाने क्लच बदलला, सस्पेन्शनचे रबर बदलले, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग बदलली, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. मग वडिलांची म्हणावी अशी गाडी उरली कोणती? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. घडा भट्टीत घातला की तो परमाणूंपर्यंत सुटतो आणि भाजून निघतो तो दुसराच घडा, असे वैशेषिक म्हणतात. नैयायिक म्हणतात, घडा तोच. फक्त रंग पालटला. मिलिंदप्रश्न ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास. तर आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळ्यांच्या जोडणीला व्यवहाराने दिलेले नाव म्हणजे रथ, असा निर्णय निघतो. ग्रीक लोकांतही अशीच कथा आहे. थीसियस राजाचे गलबत अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. कुजलेली फळी काढावी, नवी घालावी, असे करता करता पंडितांत दोन तट पडले. एक म्हणे गलबत तेच, दुसरा म्हणे ते नव्हे. प्लूटार्कने ही हकीकत लिहून ठेविली आहे. आमच्या आर. टी. ओ. कचेरीने मात्र हा वाद सोपा करून टाकला आहे: चॅसिसवर ठोकलेला क्रमांक जुळला की गाडी तीच!

आपण वारकरी ह्याचे उत्तर रोजच्या व्यवहारातून देऊ शकतो. भजनी मंडळाचा पखवाज घ्या. पुडी फाटली की नवी चढते, वादी बदलते, शाई पुन्हा भरतात. तरी म्हातारा टाळकरी म्हणतो, हा अमक्या बुवांच्या हातचा पखवाज. खोटे बोलतो काय? नाही. खोड तेच असते म्हणून ते खरे, असे कोणी म्हणेल. पण उद्या खोडाला चीर गेली आणि तेही बदलले तरी तो हेच म्हणेल. कारण ‘तोच हा’ हे ओळखणे वस्तूत नसते, ओळखणाऱ्यात असते. शास्त्रात त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की पूर्वपक्षाचे म्हणणे खरे आहे; वडील पत्र्यात नाहीत. दुसरी ही की म्हणून गाडी मोडीत घालावी असे मात्र त्यातून निघत नाही. आठवण मनात असली तरी मनाला हात नसतात. पखवाजाची पुडी चढविताना ज्याप्रमाणे त्या बुवांचा ठेका मनात घुमतो, त्याप्रमाणे ह्या मुलाच्या हाताला पाना धरताना बाप भेटत असेल, तर त्यात निंद्य काय? मात्र परीक्षा मग गाडीची राहत नाही. मनाची सुरू होते. ती परीक्षा तीन प्रकारे करावी, असे मी त्याला सांगितले.

पहिली परीक्षा सत्याची. पत्र्याचे खड्डे बुजवायला लांबी भरतात. तिच्यावर रंग मारला की आत गंज असला तरी वरून आरसा दिसतो. ब्रेकच्या तेलाचे तर फार शिकण्याजोगे आहे. हे तेल हवेतले पाणी हळूहळू शोषून घेते. बाहेरून काही दिसत नाही. पण उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळते, वाफ होते, आणि दाबलेला पाय रिकामा खाली जातो. म्हणून तेल दिसायला चांगले असले तरी वेळच्या वेळी बदलावे लागते. ह्याच हमरस्त्यांच्या कडेने आपल्या दिंड्या चालतात, म्हाताऱ्या मायबाया तुळस डोक्यावर घेऊन जातात. शंभर अश्वशक्तीची गाडी ज्याने चमकविली पण जिचे ब्रेक राखले नाहीत, त्याने जीर्णोद्धार केला नाही. त्याने शृंगार केला. आधी ब्रेक, मग इंजिन, सर्वांत शेवटी रंग, हा क्रम ज्याचा चुकत नाही त्याचे काम सात्त्विक. येथे मला एक कबूल केले पाहिजे, की यंत्र ह्या बाबतीत माणसाहून बरा गुरू आहे. गंजलेला नट रागाला भीत नाही, खुशामतीला भुलत नाही. तेल सोडावे, रात्रभर वाट पाहावी, मग हलक्या हाताने फिरवावे. जोर केला की तो तुटतो. हे धैर्य ज्याच्या अंगी बाणले त्याचा वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही.

दुसरी परीक्षा वेळेची. ‘फावल्या वेळात करतो’ असे आपण सहज म्हणतो. पण फावला वेळ कोणाचा? तो आपल्या एकट्याच्या मालकीचा असतो काय? त्याच्या घरची लेक आमच्याकडे आली होती. ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही, हसूनच बोलली: “महाराज, यायले इंजिनातला बारीक आवाज ऐकू येते, घरातला नाही येत.” आणि पुढे हळूच म्हणाली, “सासूबाईचे गुडघे धरले आहेत. आठ महिने झाले.” ह्या एका वाक्यात सगळा सिद्धांत आला. बापाची गाडी गोठ्यात, आणि बापाची सोबतीण ओसरीवर. दोन्ही जीर्ण. एकीचे भाग भंगारबाजारात तरी मिळतील. दुसरीचे मिळणार नाहीत.

येथे कोणी गोरोबाकाकांचे नाव पुढे करील. तेरचे गोरोबाकाका माती तुडविताना नामात इतके रंगले की पायाखाली लेकरू आले ते कळले नाही; मग तल्लीनता ही श्रेष्ठच नव्हे काय? बंधूंनो, ही कथा नामाच्या तल्लीनतेची आहे. तिचा टेकू पान्याला आणि स्क्रूड्रायव्हरला देऊ नये. आणि त्या कथेतही लेकराच्या आईचा आक्रोश संतचरित्रकारांनी झाकून ठेविलेला नाही. तल्लीन होणे ही मनाची शक्ती आहे. ती आपोआप पुण्य होत नाही. जुगारीही तल्लीन असतो.

तिसरी परीक्षा सोडण्याची. एक प्रश्न स्वतःला एकान्तात विचारावा: उद्या घरात अडचण आली, कोणाच्या औषधाला पैसा लागला, तर ही वस्तू मी विकीन काय? विकताना दुःख होईल, होऊ द्यावे. दुःख होणे म्हणजे आसक्ती नव्हे. दुःख होईल म्हणून जो समोरचे कर्तव्य टाळतो तो आसक्त. जपणे आणि चिकटणे ह्यांत हाच भेद आहे. जपणाऱ्याचा हात उघडा असतो, चिकटणाऱ्याची मूठ झाकलेली असते. आणि दुरून दोघेही धरूनच बसलेले दिसतात.

हे सांगताना हसणाऱ्या लोकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. जो त्या गृहस्थाला नादी म्हणतो त्याच्या दारात दहा वर्षांत तिसरी मोटारसायकल उभी आहे, आणि तिसरीचेही हप्ते चालू आहेत. जुन्यात गुंतणे हा मोह दिसतो. नव्यामागे धावणे हा मोह दिसत नाही, कारण तो सगळ्या गावाला एकदम झालेला आहे. ज्याने आपल्या हाताने एक वस्तू पुरती उलगडली, तिचा प्रत्येक भाग ओळखला, त्याला निदान एवढे कळते की वस्तू बाजारात उगवत नाही. ती कोणीतरी घडविते आणि कोणीतरी सांभाळावी लागते. हे ज्ञान थोडे नव्हे.

तर मग पाप की पुण्य? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे उत्तर असे: वस्तू जड आहे, तिच्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. सत्य राखून, घरच्यांचा वाटा त्यांना देऊन, आणि सोडण्याची तयारी ठेवून जे केले ते सेवा. ह्या तिहींपैकी एकही गळले तर तेच काम, त्याच हातांनी, त्याच गोठ्यात, आसक्ती होते. आमच्या त्या गृहस्थाने त्यानंतर आपली वाटणी बदलली आहे. रविवारची सकाळ आईची. तिला सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखवून आणले, मालीश स्वतः करतो. गाडीला दुपारनंतरचा वेळ मिळतो. काम पूर्वीपेक्षा मंद चालते. पण गोठ्यात आता त्याच्या आईसाठी एक खुर्ची टाकलेली असते, आणि कोणता आवाज नवऱ्याच्या वेळी येत असे व कोणता येत नसे, हे म्हातारी तेथे बसून सांगते.

कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे. बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, आणि आत बसलेला तो रथाचा धनी. आपणा सर्वांचे रथ जुने होत चालले आहेत. कोणाचे डोळे, कोणाचे गुडघे, कोणाचा दम. वारीला निघण्यापुरते त्यांना तेलपाणी करावे, खोटा रंग देऊ नये, आणि ज्या दिवशी उतरावे लागेल त्या दिवशी रथाचा दांडा धरून बसू नये. तोवर घरात जे कोणी आपल्याहून जीर्ण असेल त्याच्यापासून जीर्णोद्धाराला आरंभ करावा.

रामकृष्ण हरी.